काटा खाली बसल्यावर

"वैनी, डिझेलचा काटा पार खाली बसला!" दीर ओरडला. माझ्या मांडीवर लेकरू तापानं फणफणून राहिलं होतं. भूकंपाला चार दिवस झाले होते, आन् आमी सासऱ्याच्या जीपनं लातूरच्या दवाखान्यात चाललो होतो.

"डाव्या फाट्याला पंप हाय, पण मदतीच्या टेम्पोंची लई रांग आसंल. वळवू का?"

मी लेकराच्या कपाळावरचा ओला फडका पलटला.

दीर लातूरला क्लासला होता. त्यानं बोटावर हिशोब केला. "काटा बसला तरी तळाला पाच लिटर ऱ्हातंय. आरामात पोचतो. तुमी चौथी पास, मी सायन्सवाला. भिऊ नका."

तळाला पाच लिटर नव्हतं. आदल्या दिशी गल्लीतल्या बायांनी भाकऱ्या थापून पडलेल्या गावांसाठी टेम्पो भरला. टेम्पोत डिझेल न्हाई म्हणले, तवा मीच जीपच्या टाकीला नळी लावून डिझेल काढू दिलं. काटा तवाच तळाला गेला होता, दिरानं बघितला आता. सासऱ्याला इचारलंच न्हाई. आता सांगितलं तर घरी काय हुईल, येवढंच डोक्यात. म्हणून गप बसले.

फाट्यापासून सात किलोमीटरवर जीप थांबली. "आसं कसं?" म्हणत दीर काट्याच्या काचेवर टिचक्या मारून राहिला. मी लेकराला खांद्यावर टाकून लातूरकडं पळाले. दम लागला, पण रडू येईना.

दवाखाना गाठला, लेकरू वाचलं. दीर अजून सांगतो, जीपचा काटाच खोटा होता. मी अजून कुणाला सांगितलं न्हाई. त्या फाट्यावर तुमी आसता, तर तोंड उघडलं आसतं का?