ग्वांगशीची दुसरी वाटेकरीण

"पण कचेरी किती लांब पडली?"

हे तिचं वाक्य. चीनच्या अमुक राजवटीनं अमुक सुभा तोडला, तमुक जोडला, असं कुणी म्हणालं की ती मान जराशी तिरकी करायची, नाकावरचा मास्क सावरायची आणि हेच विचारायची. मी ते पहिल्यांदा ऐकलं माझ्याच व्याख्यानानंतर, भरल्या वर्गात. भरल्या म्हणजे करोनाच्या नियमाप्रमाणे एक सोडून एक खुर्ची.

नेदरलँड्समधल्या लायडनला मी दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांताच्या कारभारावर पीएच.डी. करत होते. छिन सम्राटानं तिथे पहिले जिल्हे आखले, थांग काळात डोंगरापलीकडचा सगळा दक्षिण मुलूख एकच गणला गेला, सोंग काळात त्याचे पूर्व-पश्चिम असे भाग पडले आणि पश्चिमेच्या नावातून पुढे ग्वांगशी हे नाव आलं. हे सगळं मला पाठ होतं. नाशिकच्या घरी कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, याचाही मला अभिमान होता. जगात एखादा कोपरा आपल्या एकटीचा असावा, असं तुम्हालाही वाटलं असेलच की कधी.

मग ही आली. कोल्हापूरकडची, माझ्यामागून वर्षभरानं नाव नोंदवलेली, विषय ग्वांगशीच. मी लायडनमध्ये बसून चिनी घोटत होते तेव्हा ती सरळ तिकडे जाऊन वर्षभर राहिली. ती परतली आणि जग बंद झालं. माझं तिकीट रद्द झालं.

त्या दिवशी मी सोंग काळातली फाळणी रंगवून सांगितली, आणि हिनं तो प्रश्न टाकला. प्राध्यापकबाईंनी चष्मा काढून हातात घेतला, काही खरंच ऐकावंसं वाटलं की त्या तसं करायच्या. दोन वर्षांत माझ्यासाठी त्यांनी तो कधी काढला नव्हता.

बाहेर आल्यावर ती सायकलचं कुलूप काढत म्हणाली, "रागावलीस होय? अगं, आमचं गाव एका तालुक्यातनं काढून दुसऱ्यात घातलं. नकाशावर रेघ बोटभर हलली. आमच्या बाबांना मात्र एका सातबाऱ्यासाठी दोन एसट्या बदलाव्या लागल्या. तेव्हापासनं मला दुसरं काही सुचतच नाही बघ."

मी घरी जाऊन माझं प्रकरण पुन्हा वाचलं. त्यात सम्राट होते, सुभेदार होते. चालत जाणारं माणूस एकही नव्हतं.

लॉकडाउनमध्ये कुणाच्या घरी जायची चोरी, म्हणून आम्ही कालव्याकाठी फिरायचो. मध्ये दीड मीटर अंतर, त्यामुळे मिंग काळातले डोंगरी सरदार आणि छिंग काळात त्यांच्या जागी नेमलेले सरकारी अंमलदार, सगळं ओरडून चालायचं. वाटेतल्या डच म्हाताऱ्या तिला नावानं हाक मारायच्या. मी तिच्या आधीपासून त्या गल्लीत राहत होते.

एकदा माझ्या आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना ती खिडकीतून डोकावली. झालं! पुढच्या आठवड्यात आई मला म्हणते, "तिच्याकडून कळलं, तू नीट जेवत नाहीस." म्हणजे दोघींचं परस्पर बोलणं सुरू झालं होतं. आमच्या आईनं माझ्या विषयाचं नाव कधी धड उच्चारलं नव्हतं. आता ती विचारायची, "तो समुद्रकिनारा शेवटी ग्वांगशीला मिळाला ना गं? की शेजारच्या प्रांताकडेच राहिला?"

"मिळाला," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या हिवाळ्यात कालवे गोठले. शेजारच्या आजींनी तिला बर्फावर घसरायचे बूट दिले आणि आधारासाठी स्वयंपाकघरातली खुर्ची. खुर्ची ढकलत ती बर्फावरून पुलाखालून गेली, पडली, उठली, पुन्हा गेली. काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते. "ये की!" ती ओरडली. मी पुलाचा कठडा धरून काठावरच उभी राहिले.

पुढे विभागात दोन वर्षांसाठी शिकवण्याची एक जागा निघाली. आम्ही दोघींनी अर्ज केले. मुलाखती पडद्यावर झाल्या आणि जागा तिला मिळाली. त्याच आठवड्यात तिला करोना झाला. मी शिरा करून तिच्या दाराशी ठेवला आणि मागे सरकले. ती डबा उचलून वरच्या खिडकीत आली, शाल गुंडाळून, डब्यात बघत.

"वास येत नाही काहीच. पण तूप सोडलंयस बरं का भरपूर." मग डब्याला झाकण लावत म्हणाली, "जागेचं वाईट वाटलं ना तुला?"

"खूप," मी खालून म्हणाले.

"वाटू दे. पण शिरा आणत जा."

मला हसू आलं आणि तिचा आणखी राग आला. इतकं सरळ विचारणं मला या जन्मात जमलं नसतं.

ती बरी झाली तोवर भारतात दुसरी लाट उसळली होती. तिच्या बाबांना आधीच दमा. ती मिळेल त्या विमानानं, कुठून कुठून वळसे घेत निघाली. स्टेशनवर मी तिची बॅग विमानतळाच्या गाडीत चढवली. ती पोहोचली तेव्हा बाबा बोलत होते. चौथ्या दिवशी गेले. नंतर परतीची विमानं बंद झाली. ती गावाकडून पडद्यावरच शिकवत राहिली, मागे कोंबडे आरवत, आणि डच मुलं तिच्यावर खूष. विमानं सुरू झाली तरी आईला एकटीला सोडवेना. थंडी सुरू होताना तिनं नोकरी सोडली. उरलेल्या मुदतीसाठी जागा मला मिळाली.

विभागातली तिची खोली मिळाली, तिचे विद्यार्थीही मिळाले. ते अधूनमधून विचारायचे, "त्या कशा आहेत?"

चीनची दारं उघडल्यावर मी अखेर ग्वांगशीला गेले. पश्चिमेच्या डोंगरातलं एक लहान गाव, पूर्वी तिथे एका सरदाराची गादी होती. मुक्कामाच्या घराची मालकीण साठीची, ठेंगणी. भारतीय आहे, लायडनहून आले, असं सांगताच तिचा चेहरा उजळला. ती माझ्या मागे बघायला लागली, बसमधून आणखी कुणी उतरतंय का ते.

"ती नाही आली?"

"नाही. आईजवळ असते, भारतात."

"आणि बाबा? दमा कसा आहे त्यांचा?"

मग कळलं, तीही याच घरात राहिली होती. घरात रेंज नव्हती, म्हणून ती रोज संध्याकाळी अंगणातून बाबांना फोन लावायची. मालकीण मिरच्या वाळवताना फोनच्या पडद्यात डोकावायची. तिला मराठी येत नव्हतं, त्यांना चिनी. दोघं एकमेकांना हात करायची, वर्षभर.

"ते गेले," मी म्हणाले. "करोनात."

बाई पायरीवर बसली. तिनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि पदर नसलेल्या बायका जशा मनगटानं डोळे पुसतात तसे पुसले. ती हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली, तिथल्या बोलीत. मला त्यातलं निम्मंच कळलं. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. ते सांत्वन माझं नव्हतंच, जिचं होतं ती हजारो मैलांवर होती, आणि मला त्याचाही हेवा वाटत होता.

तरी मी हात सोडवून घेतला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.