दोन फूट खोल पुरलेली पाटी

ऑर्विल टॅकेटचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. कॉफी ठेवायची, मागच्या पायरीवर बसून पहिली सिगारेट ओढायची, आणि पाचच्या ठोक्याला गिरणीच्या आवारात उभं राहायचं. अशी एकतीस वर्षं झाली. दक्षिण मिसुरीच्या डोंगरातली ती लाकडाची गिरणी. पांढऱ्या ओकच्या फळ्या कापायच्या, वाळवायच्या आणि व्हिस्कीची पिंपं बांधणाऱ्यांकडे पाठवायच्या, एवढाच तिचा धंदा.

ऑर्विलचं काम थप्पी लावण्याचं. बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण ओली फळी जड असते. थप्पीत वारा खेळला नाही तर ती बुरशी धरते, फार मोकळी राहिली तर तडकते. एक थर उभा, एक आडवा, मध्ये दोन बोटांची फट. डोक्याच्या वर गेली तरी थप्पी सरळच हवी. ऑर्विलची एकही थप्पी कधी कलंडली नाही. दुसऱ्यांच्या कलंडल्या. त्या त्याने मुकाट्याने परत लावल्या, आणि ज्यांच्या होत्या त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या मतदानात एक प्रश्न होता. सिगारेटच्या पाकिटावर साठ सेंट जादा कर लावून ते पैसे तीन-चार वर्षांच्या मुलांच्या शाळांना द्यावेत का? हो किंवा नाही.

शहरातून एक तरुण बाई पत्रकं घेऊन गिरणीच्या फाटकावर आली. जेवणाची सुट्टी होती.

"सर, एक मिनिट द्याल?"

"सुट्टी अर्ध्या तासाची आहे. एक मिनिट गेलं त्यातलं."

"लहान मुलांसाठी आहे हो. पाकिटामागे फक्त साठ सेंट."

"वाईन पितेस?"

"कधीतरी."

"तिच्यावर किती वाढवताय?"

बाईने पुढे केलेलं पत्रक मागे घेतलं.

"मग जा. आधी आपल्या पेल्यावर कर लाव, मग माझ्या पाकिटाला हात घाल."

शेजारी बसलेला डॉयल, त्याच्याबरोबर थप्प्या लावणारा, खो खो हसला. "अरे बाबा, तिला दारूचं काय सुचवतोस? उद्या व्हिस्कीवर कर बसला तर आपलीच चूल विझेल."

"तू तुझं सँडविच खा."

संध्याकाळी गावातल्या मर्नाच्या दुकानात पाट्यांचा गठ्ठा आला होता. 'नव्या कराला नाही म्हणा.' सोबत एक चकचकीत बुटांचा माणूस होता. रस्त्याकडेच्या अंगणात पाटी लावेल त्याला तो वीस डॉलर देत होता. ऑर्विलने पाटी घेतली आणि नोट गल्ल्यावर ठेवली.

"मत माझं आहे. त्याची मजुरी घेत नाही."

पाटीला तारेचे दोन पाय होते. एका वादळात उडाली असती. ऑर्विलने ते फेकून दिले, ओकचा खांब तासून त्यावर पाटी ठोकली आणि अंगणात दोन फूट खड्डा खणून तो पुरला.

चौथ्या दिवशी त्याची मुलगी जेनेल आली. दारात न येता ती थेट अंगणात गेली. पाटी दोन्ही हातांनी धरून तिने ओढली, हलवली, शेवटी लाथ घातली. पाटी हलली नाही. ऑर्विल पायरीवर बसून बघत होता.

"दोन फूट खाली आहे. पाठीने ओढू नकोस, कमर मोडेल."

"डॅडी, काढ ही."

"का म्हणून?"

"माझी चौदा पोरं याच रस्त्याने येतात. त्यांच्या आया मला विचारतात, तुझ्या बापालाच तुझी शाळा नको का?"

जेनेलची शाळा चर्चच्या तळघरात भरायची. तिथल्या चौदा छोट्या खुर्च्या ऑर्विलनेच केल्या होत्या, गिरणीत नापास झालेल्या फळ्यांच्या.

"त्यांना सांग, मला कर नको. शाळेबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही."

"अनुदान जूनमध्ये संपतंय. हे पैसे आले नाहीत तर शाळा बंद. मग मी इथे काय करू? मर्नाच्या दुकानात उभी राहून तुला पाकिटं विकू?"

"घामाचं काम आहे ते."

"डॅडी!"

"शाळा सगळ्यांची ना? मग पैसे सगळ्यांनी द्यावेत. डॉक्टरने द्यावेत, बँकवाल्याने द्यावेत. इथे सिगारेट ओढतं कोण? मी, डॉयल, कोंबड्यांच्या कारखान्यातल्या बाया. दरवेळी आमच्याच खिशात हात का?"

"कारण तू खोकतोस! फोनवर ऐकू येतं मला."

"खोकला माझा आहे. कर भरूनच घेतलाय तो."

"आईनेही भरला होता. गेलीच ना ती या खोकल्याने?" जेनेल म्हणाली.

ऑर्विल उठला आणि आत गेला. जाळीचं दार आपटलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज त्याने ऐकला, पण वळून पाहिलं नाही.

मतदान अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये होतं. बायकांनी घेवडा आणि मक्याची पोळी मांडली होती. रांगेत जेनेल त्याच्यामागे तीन माणसं सोडून उभी होती. मतपत्रिका घेऊन आडोशाला गेल्यावर ऑर्विलला त्या खुर्च्या आठवल्या. एकेक खुर्ची घासायला दोन संध्याकाळी लागल्या होत्या, पोरांच्या मांडीत लाकडाची कूस घुसू नये म्हणून. तो थोडा वेळ पेन धरून उभा राहिला. मग 'नाही'पुढचा गोल त्याने काठापर्यंत नीट भरला. अर्धवट काम त्याला जमत नसे.

तिच्या देखत तो बाहेर आला. तिने तोंडावरून ओळखलं.

कराचा प्रस्ताव पडला. त्यांच्या जिल्ह्यात तर चारांतल्या तिघांनी नाही म्हटलं.

"जिंकलो की रे!" दुसऱ्या दिवशी डॉयल ओरडला.

"तुझी कालची थप्पी कललीय. आधी ती बघ."

हिवाळाभर जेनेल बापाकडे फिरकली नाही. शाळा जूनमध्ये बंद झाली. कॅन्सस सिटीत तिला काम मिळालं, इथून चार तासांवर. हे ऑर्विलला मर्नाकडून कळलं.

निघायच्या दिवशी सकाळी तो भाड्याचा मोठा ट्रक घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"मी तुला बोलावलं नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे. कपाट कुठलं आधी?"

"तुला अजूनही तेच बरोबर वाटतं?"

"उद्या विचारलं तरी नाहीच म्हणेन. बाजूला हो."

त्याने दुसऱ्या कुणाला सामानाला हात लावू दिला नाही. जड तळाशी, हलकं वर, कुठे फट नाही. चर्चने खुर्च्या तिला देऊन टाकल्या होत्या. त्या चौदाही त्याने एकात एक अडकवून वरच्या थरात बसवल्या. मग ट्रकला खांदा लावून जोराने हलवून पाहिलं. आत काही वाजलं नाही. मध्येच खोकल्याची उबळ आली तेव्हा तो ट्रकच्या मागे गेला.

जेनेलने पैशांचं पाकीट काढलं. "भाडं किती झालं?"

"दिलं मी."

थप्प्या लावून मिळालेला दोन आठवड्यांचा पगार त्या ट्रकच्या भाड्यात गेला.