बाबांचा कायदा

आमच्या घरात देव नाहीत. भिंतीवर दोन तसबिरी आहेत, त्यांच्यापुढे रोज सकाळी मेणबत्ती लागते, वंदना होते. पण काही मागायची सोय त्यात नाही. आई होती तेव्हा शेजारच्या काकू तिला सांगायच्या, पोराला एकदा गिरडच्या दर्ग्याला नेऊन आण, टेकडी चढव, गुण येईल. आई हसून विषय बदलायची आणि बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. देवावर सोडता येत नाही म्हणून त्यांनी दादाला कायद्यावर सोडायचं ठरवलं. आणि तो कायदा लिहायला स्वतःच बसले.

दादा पन्नाशी उलटलेला आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याची बुद्धी वयाबरोबर वाढली नाही. माझ्या भाषेत तो आमच्या घरातला सगळ्यात शिस्तीचा माणूस आहे. नळ आला की पहिली बादली त्याची. संध्याकाळी तो पिठाच्या चक्कीवर जाऊन बसतो. चक्कीवाला त्याला रोज तेच विचारतो, तो रोज तेच सांगतो, आणि दोघंही खुश. पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत नव्या भाडेकरूलाही आठवड्याभरात कळतं, की फाटक उघडं दिसलं तर हा माणूस ते लावल्याशिवाय पुढे जात नाही.

तो मला ताई म्हणतो. माझ्याहून मोठा असून. मी शाळेत जायला लागले तेव्हा आईबाबांनीच त्याला तसं शिकवलं, म्हणजे तो माझं ऐकेल. ऐकायलाही लागला. पहिलीतल्या मुलीला घरातली थोरली करून टाकलं आणि तिला कोणी विचारलंही नाही.

आई गेल्यापासून मी दर शनिवारी नागपूरहून येते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जाते. नवरा आणि मुलगी तिकडे, बाबा आणि दादा इकडे. काही महिने म्हणून सुरू केलं होतं. आता स्टेशनवरचा चहावाला मला पाहून साखर कमी घालतो.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. लिहिलेलं टिकतं, बोललेलं वाऱ्यावर जातं, हे त्यांचं ठाम मत. दादासाठी ट्रस्ट करायचा म्हटल्यावर त्यांनी वकिलाला मसुदा करू दिला नाही. हा आपणच करणार म्हणाले, आणि चक्क उद्देशिकेपासून सुरुवात केली. वकील त्यांचा जुना विद्यार्थी. बाबा आत आले की तो अजून उठून उभा राहतो. त्यानं सरांची सगळी कलमं मुकाट्यानं टाइप करून घेतली. घर ट्रस्टच्या नावावर, बँकेतली ठेव ट्रस्टच्या नावावर, बाबांनंतर मी एकटी विश्वस्त. इथवर मला काही म्हणायचं नव्हतं. मी सोडून दुसरं नाव नव्हतंच. समुद्रपूरकडचे चुलतभाऊ आहेत, पण त्यांचं प्रेम दादापेक्षा घरावर जास्त. कुंपणच शेत खाईल, एवढं बाबांनाही कळत होतं.

मग सातवं कलम आलं. लाभार्थीला राहत्या घरातून कायमचं दुसरीकडे हलवता येणार नाही, आणि विश्वस्तानं त्याच घरात त्याच्यासोबत राहावं.

मी ते दोनदा वाचलं. तीन ओळींत माझं नागपूर संपलं होतं.

भांडण झालं. पहिल्यांदा वकिलासमोर, मग घरी, मग फोनवर, मग पुन्हा घरी. मी सांगितलं, गेल्या उन्हाळ्यात दादाला आठ दिवस नागपूरला नेलं होतं, तो मजेत होता, लिफ्टमध्ये चकरा मारून त्यानं वॉचमनशी दोस्ती केली होती. बाबा म्हणाले, "पाहुना म्हनून कोनीई खुश राह्यते. इथं तो एकटा जाते अन् एकटा येते. तुया तिथं त्याले एकट्याले खाली जाऊ देशीन काय?"

मी नसतं जाऊ दिलं. हे उत्तर मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. बाबा चुकीचं बोलत असते तर किती सोपं झालं असतं.

नागपूरला परतल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, नको करूस सही. मग आम्ही टीव्ही लावला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. सही केली तर मी अडकणार होते, नाही केली तर दादा उघड्यावर पडणार होता.

वकिलानं मधला मार्ग काढला. एक दुरुस्तीचं कलम घाला म्हणाला. परिस्थिती बदलली तर विश्वस्ताला लाभार्थीच्या हितासाठी सातव्या कलमात बदल करता येईल. नाहीतर पुढे ताईंना प्रत्येक गोष्टीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. माझ्या जिवात जीव आला. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि नको म्हणाले.

ज्या माणसानं अख्खं आयुष्य वर्गात सांगितलं की दुरुस्ती करता येते म्हणून कायदा जिवंत राहतो, तो माणूस स्वतःच्या कायद्यात दुरुस्तीला जागा ठेवायला तयार नव्हता. संध्याकाळी दादा चक्कीवर गेल्यावर मी त्यांना तेच विचारलं. आवाज चढला होता माझा.

"तुम्हीच शिकवलं ना बाबा? मग तुमच्या कायद्यात काऊन नाई दुरुस्ती?"

 बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "कारन ठेवली तं तू करशीन."

मला संताप आला. पण दुरुस्ती मी केलीच असती. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्याही नाही. पण कधीतरी मुलीचं लग्न निघालं असतं, नवऱ्याचं आजारपण आलं असतं, माझे गुडघे गेले असते, आणि मी दादाच्या हिताचं एखादं सुंदर कारण शोधून काढलं असतं. बाबांनी मला वाढवलंय. त्यांना मी पाठ आहे.

त्या रविवारी जेवताना दादा मात्र दोघांनाही पोळी वाढत होता.

सातवं कलम होतं तसंच राहिलं आणि रजिस्ट्री ठरली. दादाला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून तोही आला, इस्त्रीचा शर्ट घालून. आधी बाबांची पाळी झाली. कॅमेऱ्यापुढे बसवून त्यांचा फोटो घेतला, मशीनवर अंगठा घेतला. दादाला वाटलं आता आपलाही निघणार. तो बाकावर कॉलर नीट करून ताठ बसला. मग मला बोलावलं. अधिकाऱ्यानं कागद उलटत, मान वर न करता विचारलं, मजकूर वाचला ना, राजीखुशीनं सही करताय ना, कोणाचा दबाव नाही ना. असं ते समोर येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात आणि प्रत्येक जण नाही म्हणतो. मीही नाही म्हणायला तोंड उघडलं, तोच मागून बाबा बोलले.

"आहे साहेब. दबाव आहे. माया, तिच्या बापाचा."

अधिकाऱ्यानं मान वर केली. वकील अर्धवट उठला. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "तिले खोटं बोलाले लावू नका," ते म्हणाले. "तिची मर्जी नाई. मले ठाव आहे. पन मायापाशी दुसरं कोनी नाई."

 अधिकारी समजूतदार होता. म्हणाला, असं असेल तर आज राहू द्या, घरी बसून ठरवा, पुन्हा या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, बाई, तुम्ही सांगा.

बाबांचा इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता. दबाव होता तोवर मी दबावाखाली होते. रडायला, चिडायला, नवऱ्याला सांगायला माझ्याकडे कारण होतं. तो दबाव त्यांनी चारचौघांत कबूल करून टाकला. आता मला कोणीही धरलेलं नव्हतं. उठून चालू लागले असते तर बाबांनी हाक मारली नसती, हे त्यांच्याकडे न बघताही मला कळत होतं. बाकावरून दादा विचारत होता, ताई, माया फोटो कधी.

"कोणाचा दबाव नाही," मी म्हटलं. "माझी राजीखुशी आहे. लिहा."

अधिकाऱ्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कॅमेरा माझ्याकडे वळवला.

त्यानंतर आजवर मी सातव्या कलमावरून बाबांशी एकदाही भांडलेले नाही. भांडायला आता तोंडच उरलं नाही. बाबांनी मला मोकळं सोडलं होतं; सही मीच केली.