पातळ न केलेलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही. बहात्तरी उलटली, आता गुडघेसुद्धा बोलतात — मग मीच किती गप्प बसू? तर ऐका. एकदा मी पाणी पातळ करायला विसरले. बस, एवढंच. हसलात ना?

रबाळ्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. नवं यंत्र आलं होतं — पाण्यावर अतिनील उजेड टाकायचा, आत तेलकट रसायनं असली की ती चमकतात; चमक जास्त, तर घाण जास्त. ते चालवणार कोण? आमच्या बाईसाहेब, म्हणजे मीच! दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, आणि नंतर वर्षभर मनातल्या मनात स्वतःलाच घालत राहिले.

तळवलीच्या जनाबाई आमच्या गेटवर भाजी विकायच्या. एकदा त्या लोणच्याच्या बरणीत घरच्या विहिरीचं पाणी घेऊन आल्या. पिवळट झालेलं, वास येणारं. घरात सून गरोदर. "पिऊ का नको, येवढाच सांगा, म्याडम."

यंत्रात चमक जवळजवळ नव्हतीच. प्या खुशाल, म्हटलं. वर ऐटीत सांगितलं, रंग कुजक्या पानांचा असेल. आणि वास? नाक मलाही होतं की! पण नाकावर विश्वास ठेवायचा, तर एम.एस्सी. कशाला केलं?

त्या यंत्राची खोड कुठल्याही पुस्तकात सापडेल. पाण्यात एखाददुसरा पदार्थ असला तर ते शहाण्यासारखं वागतं. दहा एकत्र आले, की एक दुसऱ्याचा उजेड गिळतो, चमका एकमेकींत मिसळतात. डोळ्यांना फिकट दिसणारं पाणी त्या उजेडाला डांबर असू शकतं. म्हणून आधी पातळ करून बघायचं. हे नव्या मुलींना शिकवायचं कोणी? — मीच.

चार दिवसांनी उरलेलं पाणी ओतून देताना काय वाटलं कोण जाणे, थोडं घेतलं, दहापट पातळ केलं. चमक कमी व्हायला हवी ना? ती वाढली. आणखी पातळ केलं — आणखी वाढली. म्हणजे घाण इतकी, की तिनं स्वतःचीच चमक गिळली होती.

इथवर चूक होती. चुका होतात. पण पुढचं...

गेट पन्नास पावलांवर. खिडकीतून दिसत होतं, जनाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी नव्या आकड्यांचा कागद फाडला. बरणी साबणानं स्वच्छ धुतली, आणि शिपायाच्या हाती पाठवून दिली. स्वतः गेले नाही. का? तर आदल्याच दिवशी, यंत्र छान सांभाळते म्हणून, साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. एवढ्याचसाठी. उद्या सांगू, मी मनात म्हणायचे. रोज म्हणायचे — आणि रोज त्यांच्याकडूनच भाजी घ्यायचे.

सातव्या महिन्यात सुनेचं बाळ पोटातच गेलं. पाण्यामुळंच का? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. मग कुणीतरी दुसरीकडे पाणी तपासून घेतलं, आणि विहीर बंद झाली.

जनाबाईंनी हे मला गेटवरच सांगितलं. तेव्हा तरी बोलावं की नाही? मी म्हटलं, "आमच्या मशीनला दिसलंच नाही हो." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमी काय करनार, म्याडम? तुमाला ठाव असता, तर सांगितला नसता काय?"