शेंडा खुडणाऱ्या आक्का

माझ्या मोठ्या जाऊबाई, आक्का, टोमॅटो डोळ्यांनी बघत नसत. सकाळी परसात जायच्या, पानांआड हात घालायच्या, बोटाची पाठ फळाला खालून टेकवायच्या. "अजून चार दिस," म्हणायच्या आणि चुलीकडे वळायच्या. चार म्हणजे चारच.

मी लग्न होऊन सांगलीहून कुंडलला आले ती बी.एस्सी.चा तोरा घेऊन. थंडी सरताना आक्का झाडांचे शेंडे आणि उमललेली फुलं खुडायला लागल्या, तेव्हा मी कपाळावर हात मारला.

"आवं आक्का, फुलंच तोडली तर टोमॅटो येणार कुठून?"

"लय लागल्यात. आता हाईत ती पिकू देत. झाडाचं ध्यान वर असलं, तर खाली कसं पिकंल?"

मला हे अडाणीपण वाटलं. उसासाठी आणलेल्या पोत्यातला युरिया मी गुपचूप चार झाडांना ओंजळीनं घातला, वर पाणी सोडलं. झाडं माझ्यापेक्षा उंच झाली. फळं हिरवीच, दगडासारखी. पुढं ऊन तापलं आणि त्यांनी लाल व्हायचं नावच घेतलं नाही. आक्का रागावल्या नाहीत. हिरव्या टोमॅटोची चटणी वाटून माझ्या ताटात वाढली.

"खा गं शालू. तुझ्या शिक्षणाची हाय."

गेल्या थंडीत आजारी आक्कांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून एक ऑपरेशन केलं तर काही महिने मिळतील, पण ते बहुतेक इथंच जातील. मी लगेच म्हटलं, करून टाकू. ओंजळीनं घालायची माझी खोड गेलेली नव्हती.

आक्का म्हणाल्या, "शेंडा खुड आता, शालू. हाईत ते दिस घरात पिकू देत."

या वेळी मी हुज्जत घातली नाही.

घरी येऊन त्यांनी लुगडी वाटली. रुसलेल्या भावाला बोलावलं, त्याच्याशी पोटभर भांडल्या आणि त्याला जेवू घालूनच सोडलं. एका दुपारी मी केशरी पडलेला एक टोमॅटो त्यांच्या हातात दिला. डोळे मिटलेलेच. बोटाची पाठ खालून टेकवली.

"दोन दिस ठेव."

त्याच संध्याकाळी त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी माणसं सावडून परतली, तेव्हा कोनाड्यातला टोमॅटो लालभडक झाला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी तो पदराखाली घेऊन परसात गेले आणि एकटीनं खाल्ला. कुणाला फोडसुद्धा दिली नाही.