भूमिपूजनातला डायनासोर

आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला डायनासोर आडवा गेला. तो मीच पुरला होता.

कांदिवलीतली आमची जुनी इमारत पाडून झाली होती आणि आम्ही सगळे सभासद भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीनं दिवस काढत होतो. अखेर भूमिपूजन ठरलं. हा मुहूर्त हुकला तर थेट चातुर्मासानंतर, असं गुरुजींनी बजावलं होतं. "पोरं पूजेत कंटाळतील, त्यांना कशात तरी गुंतव," बायको म्हणाली. (एवढंच म्हणाली. पुढचं सगळं माझं.)

आमच्या आठ वर्षांच्या चिनूला खडे-दगड जमवायचा नाद लागावा म्हणून मी एक खेळ रचला: मातीत स्फटिक आणि जीवाश्म लपवायचे, मुलांनी ब्रशनं हळुवार झाडत शोधायचे. स्फटिक म्हणजे तुरटी. जीवाश्म म्हणजे डायनासोरची प्लास्टरची हाडं, जुनी दिसावीत म्हणून कॉफीत भिजवलेली! आदल्या संध्याकाळी प्लॉटवर गेलो, तर पूजेच्या जागची माती बिल्डरच्या माणसांनी आयती भुसभुशीत करून ठेवलेली. तिथेच सगळं पुरलं. भूमिपूजनात कुदळ नुसती टेकवतात आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतात, हे माझं आयुष्यभराचं निरीक्षण.

आमचे चेअरमन सामंतकाका मात्र रेशमी झब्ब्याच्या बाह्या सारून खरोखरच खणायला लागले.

पहिल्याच घावाला चकाकता खडा! "स्फटिक!" गुरुजी हरखले. "शुभलक्षण!" सामंतकाकांनी तो डोळ्यांना लावला, "माझ्या हातालाच यश आहे," असं माइकवरून जाहीर केलं आणि खडा कलशाशेजारी विराजमान झाला. एवढ्या आनंदात तुरटी कशाला काढायची?

दुसऱ्या घावाला हाड आलं.

"शल्य!" गुरुजी मागे सरले. "जमिनीत हाड म्हणजे महादोष. आधी शुद्धी, मग नवा मुहूर्त."

"वाट लागली!" मागून कोणीतरी ओरडलं.

बायको माझ्या कानाशी आली. "अरे, हे तुझं ना?"

"हळू बोल."

"हळू काय! त्या खोलीत मी आणखी एक दिवस काढणार नाही. सांग त्यांना!"

"गुरुजी," मी म्हणालो, "हाड माझं आहे."

गुरुजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मग तुम्ही उभे कसे?"

प्लास्टर, खेळ, विज्ञान, सगळं सांगितलं. कोणाचा विश्वास बसेना. शेवटी गुरुजींनी हाड नाकाशी नेलं. "कॉफी पीत होता का हा प्राणी?"

"आणि माझा स्फटिक?" सामंतकाकांनी विचारलं.

"तुरटी, काका. दाढीनंतर लावतात ती."

"आणखी काय काय पुरलंय?" गुरुजी कडाडले. "सगळं निघाल्याशिवाय मी मंत्र म्हणणार नाही. मुहूर्त संपत आलाय!"

कुठे काय पुरलं ते मला आठवेना. मग झब्बे आणि पैठण्या मातीत बसल्या. चिनू ब्रश घेऊन त्यांच्या डोक्यावर उभी.

"काकू, ओढू नका ना! हळू झाडा!"

"अगं, मुहूर्त टळतोय!"

"डायनासोर लाखो वर्षं थांबलाय, काकू!" (हे वाक्य मीच पढवलेलं.)

सगळं निघालं. मुहूर्त कसाबसा साधला. पेढा देताना बिल्डरनं कौतुकानं विचारलं, "बेटा, मोठी होऊन शास्त्रज्ञ होणार ना?"

चिनूनं त्याच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं. "नाही. बिल्डर. तुम्ही एकटेच खाली बसला नाहीत, तरी हार तुम्हालाच!"

परवा तिनं टेप लावून माझं पुस्तकांचं कपाट मोजलं. म्हणाली, "बाबा, हे पाडावं लागेल." पर्यायी जागा म्हणून मला चपलांच्या स्टँडचा खालचा कप्पा देऊ केला आहे, आणि मी सही केली आहे.