माझी फी माझ्या नावावर

सरकारी पत्र आलं की सारं जग थोडंसं दचकतं. माझ्या थोरल्या नणंदबाई मात्र खूश होतात. तो खिडकीवाला लिफाफा दारात पडला की त्या आधी चहा टाकतात, पदरासारखा ओढलेला स्वेटरचा कोपरा घेऊन चष्मा पुसतात आणि रविवारची पुरवणी वाचावी तशा निवांतपणे पत्र वाचतात. आयर्लंडमधल्या तमाम मराठी माणसांत फॉर्मला न घाबरणारी व्यक्ती एकच, आणि ती नेमकी माझ्या सासरची. हे माझं भाग्य म्हणावं की परीक्षा, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

ताई ॲथलोनला राहतात आणि तिथल्या वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात दिवसभर बारीक नळ्या जोडतात. गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटाला इथे हॉट प्रेस म्हणतात. माणसं त्यात टॉवेल, चादरी उबदार ठेवतात. ताईंच्या हॉट प्रेसमध्ये फायली उबेला असतात आणि टॉवेल बाहेर कुडकुडत असतात. "टॉवेल दमट झाला तर वाळेल. पावती दमट झाली तर अक्षर उडेल, ते कोण परत आणणार?" एकदा बँकेत त्यांनी विचारलं, आणखी काही कागद लागेल का? खिडकीतली मुलगी गोड हसून म्हणाली, "नो, यू आर ग्रँड." इथे हा शब्द हो, नाही, असू दे आणि जा आता, या चारही अर्थांनी चालतो. ताई हलल्या नाहीत. "मी कशी आहे ते मी विचारलं नाही. कागद लागेल का, ते सांगा." मागे रांग दारापर्यंत गेली, माझे कान लाल झाले, शेवटी साहेब बाहेर आले आणि निघालं असं, की एक कागद खरंच लागत होता. परतताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "लाजून कुणाचं काम झालंय का, वहिनी?"

इथे कॉलेजच्या फीवर करात सवलत मिळते. फीचा पहिला ठरावीक भाग वगळायचा आणि उरलेल्या रकमेचे वीस टक्के आपल्या करातून कमी, मग पगार केवढाही असो. याला क्रेडिट म्हणतात. गणपतीच्या जेवणात एक मोठे डॉक्टर यावरच करवादत होते. त्यांचं म्हणणं, क्रेडिट कसलं देता, वजावट द्या. फी उत्पन्नातूनच वजा करा, म्हणजे आमच्यासारख्या चाळीस टक्के कर भरणाऱ्यांचे चाळीस वाचतील. ताई वरणाची कढई घेऊन वाढत होत्या. त्या तिथेच थांबल्या. "म्हणजे डॉक्टर, तुमच्या मुलीच्या फीला चाळीस आणि माझ्या फीला वीस? का? माझी फी काय पातळ आहे?" डॉक्टर म्हणाले, "तुमची फी? तुम्ही कुठे शिकताय?"

ताईंनी त्यांच्या पानात वरण वाढलं आणि म्हणाल्या, "सप्टेंबरपासून."

ताईंच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या भावोजींच्या, हातातला लाडू तसाच राहिला. त्यांनाही ते तेव्हाच कळत होतं. साताऱ्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ताईंचं लग्न ठरलं आणि परीक्षा राहिली. पुढे नवऱ्याच्या नोकरीमागे तीन गावं आणि एक देश बदलला, पण ते वर्ष काही कुठे भरून निघालं नाही. आता त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी गावातल्याच विद्यापीठात संध्याकाळच्या पदवीला नाव घातलं होतं. विषय समाजसेवेचा. कारखान्यातल्या साहेबांनी भलेपणाने सांगून पाहिलं, की गुणवत्ता-नियंत्रणाचा अभ्यासक्रम घ्या, सगळी फी कंपनी भरेल. ताई म्हणाल्या, "नळ्या मी आठ तास बघते. संध्याकाळी मला माणसं बघायचीत."

खरी गंमत पुढे झाली. त्यांची लेक डब्लिनला शिकत होती आणि तिची फी भावोजी भरत. मायलेकींच्या फीचा एकच अर्ज केला, तर तो वगळायचा भाग एकदाच जाणार. दोन अर्ज केले, तर दोनदा, म्हणजे सवलत तेवढी कमी. हा हिशेब ओळखीतल्या निम्म्या घरांना ताईंनीच शिकवलेला, आणि आता त्याच स्वतःच्या फीचा वेगळा अर्ज करायचा म्हणून अडून बसल्या. मी, माझा नवरा, भावोजी, सगळ्यांनी मिळून त्यांना त्यांचाच हिशेब ऐकवला. भावोजी तर काकुळतीला आले. "अगं, माझ्या नावावर सगळं टाकू. पैसे घरातच राहणार ना?"

"पैसे राहतील. नाव कुणाचं राहील?"

इथे आल्यापासून दोघांचा कर एकत्र मोजला जात होता आणि प्रत्येक पत्रावर पहिलं नाव भावोजींचं असे. ताईंनी करखात्याला कळवलं, की यापुढे आमचा दोघांचा कर स्वतंत्र मोजावा. ही बातमी डब्लिनकडच्या ब्लँचर्डस्टाउनच्या मराठी मंडळींत पोचेपर्यंत त्यातला 'कर' गळून पडला आणि दोघं स्वतंत्र होताहेत एवढंच उरलं. भावोजींना दोन सांत्वनाचे फोन आले. एका मावशींनी तर डबा पाठवला. ताईंनी डब्यातली आमटी मन लावून खाल्ली, डबा घासून परत दिला आणि खुलासा मात्र कुणालाही केला नाही. मी न राहवून म्हटलं, "ताई, एवढ्या हुशार तुम्ही, आणि जाणूनबुजून तोटा?" त्या बटाटे सोलत होत्या. सुरी थांबली. "लग्नात माझं कॉलेज वजा झालं. मग आडनाव, मग गाव, मग देश. वजावट पुष्कळ झाली गं. आता थोडं क्रेडिट घेऊ दे."

सवलत आली ती नियमाप्रमाणे आली, आणि इतकी बेताची, की तेवढ्यात घरातल्या तिघांचं बाहेर एक जेवणही नीट झालं नसतं. पण पत्रावर एकच नाव होतं. ताईंनी ते भावोजींना मोठ्याने वाचायला लावलं. त्यांनी वाचलं, आणि मग स्वतःहून पुन्हा एकदा वाचलं. आता ताई तिसऱ्या वर्षाला आहेत. डब्लिनजवळच्या लिक्सलिपच्या संगणक-चिपच्या कारखान्यातून एवढ्या लांबची गाडी हाणत घरी आलेले भावोजी मंगळवारी आणि गुरुवारी कुकर लावतात, आणि शिट्ट्या मोजायला विसरल्याबद्दल बोलणी खातात.

गेल्या वर्षी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "तुझं एम.ए. राहिलंय ना? फी मी भरते. नियमात बसतं, ते नातं विचारत नाहीत, फी कुणी भरली एवढंच विचारतात." मी हसून विषय बदलला, भजी तळायला उठले. त्या परत गेल्यावर जेवणाच्या टेबलावर प्रवेशाचा फॉर्म दिसला. त्यांच्या गोल, ठाशीव अक्षरात सगळे रकाने भरलेले, माझं नाव, माझी जन्मतारीख, अर्धवट राहिलेल्या वर्षाचं सालसुद्धा बरोबर. फक्त सहीची जागा रिकामी होती. शेवटची तारीख केव्हाच उलटून गेली. त्यांनी एकदाही विचारलं नाही. आणि मीही तो अजून टाकून दिलेला नाही.